भाकरी घरची, वरण कारखान्याचं: जळगाव एमआयडीसीतल्या पन्नास ताटांचा हिशोब

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया विणणारी युनिटं बरीच आहेत. त्यांपैकी कुठल्याही मध्यम युनिटमध्ये दिसेल अशी स्थिती इथे नमुना म्हणून घेतली आहे. पहिल्या पाळीत पन्नास माणसं, एक पत्र्याची मोकळी शेड, बोअरचं पाणी आणि दुपारच्या जेवणाची काहीच सोय नाही. माणसांचे आकडे आणि मालाचे भाव हिशोबासाठी धरलेले आहेत. बाजार हलला की नवे भाव टाकून तोच हिशोब पुन्हा मांडायचा.

पन्नासातली साधारण तीस माणसं कुसुंबा, नशिराबाद, आसोदा किंवा शहरातून येतात. पाळी सातला लागते, म्हणजे घरची बाई पाचला उठणार. भाकऱ्या होतात, भाजीला वेळ पुरत नाही. डब्यात भाकरी, ठेचा, फार तर कालची उसळ. उरलेली वीस माणसं खोल्या करून राहणारी: काही मध्य प्रदेश-बिहारकडची, काही चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या पायथ्याची. ती टपरीवर कचोरी नाहीतर वडापाव खातात. पोटाला तो दोन तास पुरतो. पाळीच्या शेवटच्या टप्प्यात हात मंदावतात आणि लूमवर पट्टी तुटली तरी लक्ष जात नाही, ही तक्रार सुपरवायझरची. बाहेरून पूर्ण डबा मागवायचा तर तो ७० रुपयांना पडतो, असं धरू. रोज एवढे पैसे कोणी देणार नाही, आणि मालकही देणार नाही.

कायदा काय म्हणतो

कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४६ मध्ये कॅन्टीनची सक्ती २५० पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यासाठी होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा १०० वर आली. पन्नासच्या युनिटला दोन्हीकडून सक्ती नाही. तरी कॅन्टीनच्या नियमांतली एक पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे: दर ना-नफा तत्त्वावर ठरवायचे, आणि जागेचं भाडं, भांडी, फर्निचर यांचा खर्च ताटाच्या दरात धरायचा नाही, तो मालकाचा.

दुसरं कलम वेळेचं. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ चं मूळ सूत्र असं होतं, की सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी. सातला सुरू झालेलं काम सुट्टीशिवाय बाराच्या पुढे ताणायचं नाही. त्यात सूट आणि दुरुस्त्या होत राहतात, पण पोटाचं सूत्र पाच तासांचंच आहे. ‘जेवण साडेबाराला’ हे बऱ्याच ठिकाणी सवयीनं ठरतं आणि तिथेच योजना अर्धी मोडते, कारण दहाच्या चहाबरोबर कचोरी खाऊन झालेली असते आणि मग ताटात अन्न उरतं.

शंभर भाकऱ्या कोण करणार?

पहिली कल्पना सगळ्यांना सुचते तीच: कारखान्यातच पूर्ण थाळी. माणशी दोन भाकऱ्या म्हणजे शंभर. एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ धरलं तर साडेसात किलो ज्वारीचं पीठ. सराईत बाई एका तव्यावर तासाला पंचवीस-तीस भाकऱ्या करते. दोन बायका, दोन तवे, दोन तास, आणि तेही पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात बाहेर पारा ४४ च्या पुढे असताना. अशी बाई महिनाभर टिकत नाही, आणि ती आली नाही त्या दिवशी पन्नास ताटं अडतात. पोळीचं यंत्र एवढ्या आकड्याला परवडत नाही. शिवाय ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे भाकरीसाठी ते कामाचंही नाही.

स्वस्त जेवणाचं गणित डाळीच्या भावावर अडत नाही. ते भाकरी थापणाऱ्या हातांवर आणि आज किती जण जेवणार या सकाळच्या आकड्यावर अडतं. डाळ पाच माणसांची असो की पन्नासांची, कुकरजवळ माणूस एकच लागतो. भाकरीचे श्रम मात्र दर भाकरीमागे वाढतात. म्हणून इथला निर्णय असा: ज्याच्या घरी भाकरी होते त्यानं ती घरून आणावी, आणि कारखान्यानं वरण किंवा रस्सा, भात आणि कांदा द्यावा. घरच्या बाईची भाजीची धावपळ वाचते. डब्यात नुसत्या भाकऱ्या असल्या की उन्हाळ्यात डबा आंबण्याची भीतीही जाते.

खोल्यांवर राहणाऱ्या वीस जणांसाठी दोन वाटा. एक, जवळच्या बचत गटाकडून भाकऱ्या, नग ८ रुपये. दोन, भाकरीऐवजी जादा भात, माणशी ९० ग्रॅम तांदूळ. ४५ रुपये किलोच्या तांदळात हे साधारण ४ रुपये होतात, तर दोन भाकऱ्यांना १६. बिहारकडची माणसं आनंदानं भात घेतात. पायथ्याकडच्या पोरांना मात्र भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि त्यांना भात खा म्हणण्यात अर्थ नाही.

बचत गटाला सांगायची एक गोष्ट: पीठ कढत पाण्यात मळायचं आणि भाकरी सुती कापडात गुंडाळून दुरडीत द्यायची. प्लास्टिकच्या पिशवीत वाफ धरते आणि भाकरी खालून ओली होते. कळण्याचं पीठ दिलं तर उत्तमच. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद आणि मीठ एकत्र दळलं की भाकरी जास्त वेळ मऊ राहते. दादर ही रब्बीची गावरान ज्वारी महाग पडते, पण नुसत्या हायब्रीडच्या भाकरीला दोन तासांनी तडे जातात. दोन्ही निम्मी-निम्मी घेतली तरी फरक कळतो.

वरणाच्या दिवसाचं माप

पन्नास ताटांसाठी:

तूरडाळ अडीच किलो, माणशी ५० ग्रॅम. जळगावात डाळ मिल पुष्कळ असल्यानं फुटकी डाळ, म्हणजे तुकडा, स्वस्तात मिळतो. वरण घोटायचंच आहे, तेव्हा अख्ख्या डाळीचा हट्ट नको. फक्त तुकड्यात माती आणि चुरा जास्त असतो. चार पाण्यांनी धुवावा लागतो.

तांदूळ ३ किलो, अधिक जादा भातवाल्यांसाठी १ किलो. तेल अर्धा किलो. लसूण १५० ग्रॅम, जिरं ४० ग्रॅम, हळद २५ ग्रॅम, हिरवी मिरची आणि कोथिंबीर. मीठ आधी १२० ग्रॅम, मग चव घेऊन. कच्चा कांदा अडीच किलो.

शिजून साडेबारा लिटर घट्ट वरण होतं, म्हणजे माणशी पाव लिटर. ओगराळं मोजून घ्यावं: भरलं की २५० मिलि, असं एकच ओगराळं वाढायला ठेवायचं. तुलनेसाठी, राज्य सरकारनं २६ जानेवारी २०२० ला सुरू केलेल्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असं माप होतं. ६० ग्रॅम तांदळाचा भात साधारण तेवढाच होतो. वरण मात्र त्या मापात आठ तास लूमवर उभ्या राहणाऱ्या माणसाला पुरणार नाही. पोट भरतं ते डाळीनं, म्हणून काटकसर डाळीत करायची नाही.

वेळापत्रक असं बसतं. सातच्या हजेरीबरोबर ज्याला जेवायचं त्याचं आगाऊ घेतलेलं कूपन पेटीत पडतं, ७.२० ला पेटी बंद. साडेसातला आकडा फळ्यावर आणि बचत गटाला भाकऱ्यांचा आकडा फोनवर. साडेआठला डाळ धुऊन अर्धा तास भिजत. सव्वानऊला २२ लिटरच्या कुकरमध्ये डाळ, तिच्या अडीचपट पाणी, हळद आणि चमचाभर तेल. डाळीचा कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही. फेस वर चढून शिट्टीचं भोक बुजतं आणि मग जे होतं ते पन्नास माणसांच्या जेवणापेक्षा महाग पडतं. पावणेदहाला गॅस बंद, वाफ आपोआप जिरू द्यायची. मग जाड बुडाच्या ३० लिटरच्या पातेल्यात काढून घोटणं, कढत पाण्यानं हवं तेवढं सैल करणं आणि मीठ. अकराला फोडणी. भात दोन खेपांत: पहिला १०.५० ला, दुसरा ११.३५ ला.

दोन खेपा दोन कारणांनी. चटईच्या कारखान्यात एक्स्ट्रुडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पट्टी काढणारं यंत्र, मध्येच बंद करता येत नाही, आत वितळलेला माल घट्ट होऊन बसतो. त्यामुळे पंगतीही दोन, साडेअकरा आणि बारा. दुसरं कारण आकड्याचं. कूपन टाकूनही कोणी अर्ध्या दिवसानं घरी जातो, कोणाकडे पाहुणे येतात. दुसऱ्या खेपेचा तांदूळ पहिली पंगत बघून धुवायचा. कच्चा तांदूळ उद्या चालतो, शिजलेला चालत नाही.

आकडा कधी चुकतो

रोजचा आकडा फारसा हलत नाही, दगा कॅलेंडर देतं. श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थी, शनिवारचा उपास, रमजानचे रोजे. लग्नसराईत तिथी असेल त्या दिवशी पन्नासाचे चाळीस होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर खानदेशात अर्धा कारखाना गावी असतो. त्या दोन-तीन दिवसांत चूल पेटवण्यापेक्षा बंद ठेवणं स्वस्त. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर टांगून महिन्याच्या सुरुवातीलाच असे दिवस लाल करून ठेवावेत. उपासाच्या दिवशी साबुदाणा करायच्या भानगडीत पडू नये, ते वेगळंच तंत्र आहे. केळी द्यावीत. रावेर-यावलचा माल दारात असताना दोन केळ्यांइतकं सोपं काही नाही.

आठवड्याचा फेर

वरण-भात ७२० रुपये. मठाची (मटकीची) उसळ ८३६. खिचडी-कढी ९६८. वांगं-डाळ ९०१. शेवभाजी ९४८. उडदाच्या डाळीचं घुटं ७००. हे पन्नास ताटांच्या मालाचे आकडे, बाहेरच्या भाकऱ्या सोडून. बेरीज ५,०७३, ताटं तीनशे, म्हणजे ताटाला १६ रुपये ९० पैसे.

खिचडीचा दिवस कागदावर सर्वांत महाग दिसतो, पण त्या दिवशी कोणालाच भाकरी लागत नाही. साडेपाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, वीस-बावीस लिटर पाणी. माणशी अर्धा किलोच्या वर खिचडी. वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी, बाजूला कढी. खोलीवर राहून भाकरी विकत घेणाऱ्याला हेच ताट सर्वांत स्वस्त, कारण वरण आणि विकतच्या दोन भाकऱ्या मिळून तीस रुपयांच्या वर जातात. घरून भाकरी आणणाऱ्यांना तो दिवस आधी माहीत हवा, नाहीतर डबा तसाच परत जातो आणि घरी बोलणी बसतात. म्हणून खिचडीचा वार बदलायचा नाही. कढी फुटते ती बेसन कमी पडल्यानं किंवा मोठ्या आचेवर खळखळ उकळल्यानं. अडीच किलो दह्याला ३५० ग्रॅम बेसन, सतत ढवळणं आणि मीठ शेवटी.

शेवभाजीत चूक एकच होते आणि ती सगळीकडे होते: शेव पातेल्यात टाकणं. दहा मिनिटांत ती रस्सा पिते, दुसऱ्या पंगतीला लगदा उरतो आणि आचारी वरून पाणी ओततो. रस्सा वेगळा, आणि भाजीची जाड तिखट शेव ताटात ३० ग्रॅम टाकून वरून रस्सा.

मठ उन्हाळ्यात भिजवताना पाणी दोनदा बदलावं. रात्रभर तेच पाणी राहिलं तर सकाळी फेस आणि आंबूस वास येतो, आणि तो काळ्या मसाल्यानंही झाकला जात नाही. मोड आणायला थंडीत दीड दिवस लागतो, मे महिन्यात एक रात्र भरपूर.

भरीत? खानदेशात हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. पन्नास जणांना पंधरा किलो वांगी लागतात. ती गॅसवर भाजण्यात दिवस जातो आणि कपाशीच्या काड्यांवर भाजल्याची चव येत नाही ती नाहीच. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या दाण्यांच्या गोणी असलेल्या आवारात काड्यांचा जाळ करायचा विषयच नाही. हिवाळ्यात जळगावात तयार भरीत किलोवर विकत मिळतं. महिन्यातून एकदा ते आणावं, पैसे शिलकीतून द्यावेत आणि त्या दिवशी घरच्यांना कळण्याच्या भाकऱ्या मागाव्यात.

बिघाड कुठे होतो

डाळ शिजत नाही. दोष बहुतेक वेळा डाळीचा नसतो, बोअरच्या जड पाण्याचा असतो. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीचा गर कडक ठेवतं. पिण्याच्या आरओ फिल्टरचं दहा लिटर पाणी फक्त डाळीसाठी वेगळं धरावं. भांडी घासायला बोअर चालतो. टोमॅटो, चिंच आणि कोकम डाळ मऊ झाल्यावरच. चिमूटभर खाण्याचा सोडा हा शेवटचा उपाय, रोजचा नव्हे.

बूड लागतं. पातळ जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं आणि मोठा बर्नर अशी जोडी असली की वरण लागणारच. लागलं तर खरवडायचं नाही, ढवळायचंही नाही. वरचं वरण अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यायचं.

तर्री. तेल मोजून दिलं नाही तर रस्स्याच्या दिवशी दीड किलो सहज जातं, कारण तवंग दिसला नाही की भाजी ‘आजाऱ्याची’ ठरते. रोज सकाळी त्या दिवसाचं तेल बाटलीत मोजून द्यावं: वरणाला अर्धा किलो, रस्स्याला पाऊण. त्यातलं १०० ग्रॅम मिरची पूड घालून वेगळी तर्री करून ठेवली की ज्याला हवी तो चमचाभर घेतो. उत्तरेकडच्या माणसांना काळा मसाला जड जातो, त्यांचीही सोय त्यातच होते. ठेचा बाजूला असतोच.

पहिल्या पंगतीला पातळ, दुसरीला घट्ट. डाळ तळाशी बसते. प्रत्येक ओगराळ्याआधी पातेलं तळापासून ढवळणं हे वाढणाऱ्याचं काम आहे, आणि वाढणारा माणूस रोज बदलू नये. वशिल्याचा वाद यातूनच निघतो.

सगळ्यांत धोक्याचं म्हणजे उरलेला भात. भातातल्या बॅसिलस सेरियस जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा टप्पा; खानदेशातल्या उन्हाळ्यात शेडमधलं तापमान आपोआप त्यात बसतं. म्हणून भात उशिरा लावायचा, झाकून गरम ठेवायचा आणि दुपारी एकनंतर उरेल तो जनावरांना. दुसऱ्या पाळीसाठी ठेवायचा नाही, कोणाच्या डब्यात घरी द्यायचा नाही. हा नियम माणसांना कठोर वाटतो, अन्न टाकणं कोणालाच आवडत नाही, पण सवलत दिली की आचारी मुद्दाम जास्त शिजवू लागतो.

गॅसबद्दल थोडक्यात: घरगुती सिलिंडर नको, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा. तो दाणे आणि तयार चटयांच्या गोदामापासून लांब, मोकळ्या हवेच्या बाजूला, जमिनीच्या पातळीवर ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं गळती खड्ड्यात आणि गटारीत साचते. रोज सव्वा किलो गॅस धरला तर टाकी पंधरा दिवस जाते.

पैसे कोण देतो, कसे देतो

कामगाराचं कूपन तीन रंगांत: पांढरं २० रुपये, जादा भाताचं पिवळं २४, दोन भाकऱ्यांचं हिरवं ३६. खिचडीच्या दिवशी सगळ्यांना पांढरंच. आठवड्याची कूपनं आगाऊ विकत घ्यायची. उधारी नाही, एकदा वही उघडली की ती मिटत नाही. पगारातून कापायचं असेल तर लेखी संमती घेऊनच, परस्पर नाही. ताटामागे उरणारे तीन रुपये, म्हणजे आठवड्याला नऊशेच्या आसपास, ही गल्ल्याची शिल्लक. कांदा भडकला किंवा दहा ताटं वाया गेली तर ती कामाला येते. हिशोबाचा कागद दर सोमवारी फळ्यावर लागला पाहिजे, आणि किराणा आणणारा आणि पैसे सांभाळणारा ही दोन वेगळी माणसं हवीत.

मालकाकडे जागा, भांडी, पाणी आणि रोजचा खर्च: आचारी अर्ध्या दिवसाचे ३००, मदतनीस १५०, गॅस १२०. एकूण ५७०, २६ दिवसांचे १४,८२०. हा रोजचा खर्च कूपनात घातला तर ताट लगेच तिशीला जातं आणि टपरीच्या वडापावाला हरतं. मालकानं इथे हात आखडला तर योजना सुरूच करू नये.

ताट ज्यानं-त्यानं धुवायचं, सुपरवायझरनंही. हे आधी ठरलं नाही तर पॅकिंगमधल्या बायकांवर ढीग येतो. बसायला रांगेतली मिळेल ती जागा. गटागटानं वेगळे टेबल मांडू दिले की जातीपातीच्या पंगती परत येतात, आणि त्या एकदा पडल्या की सूचना लावून मोडत नाहीत. हात धुवायला साबण जेवणाच्या दाराशी, कारण मशीनचं ऑइल आणि प्लास्टिकची धूळ नुसत्या पाण्यानं निघत नाही.

दुसऱ्या पाळीच्या बारा जणांसाठी शिजवलेलं जेवण या हिशोबात बसत नाही. आचारी दोनदा लागतो आणि बारा ताटांना गॅस जवळपास तेवढाच जातो. त्यांना चारच्या चहाबरोबर मुरमुरे, भाजके शेंगदाणे, फुटाणे आणि दोन केळी असा कोरडा खुराक, आणि रात्रीचा डबा घरचा. शेजारच्या युनिटनं ‘आमचीही दहा ताटं लावा’ म्हटलं तर आधी कुकर मोजावा: निम्म्याचा नियम पाळून २२ लिटरमध्ये साठ ताटांची डाळ बसेलच असं नाही, नाही बसली तर दुसरा कुकर घ्यावा लागतो. आणि पैसे घेऊन जेवण द्यायचं, मग ते आपल्याच माणसांना का असेना, तर त्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी काढून क्रमांक भिंतीवर लावायचा.